नेसरी की पुरंदर? यंदाच्या चित्ररथावरून

वडगावकर
बेळगावच्या आपल्या शिवजयंतीच्या चित्ररथावर यंदा कोणता प्रसंग करायचा, यावर काल ग्रुपवर अनगोळच्या मित्रानं लिहिलं, "चित्ररथावर तह कोण बघणार? लोकांना नेसरीच पाहिजे. लढाईत शहाणपण कामाचं नाही, छाती लागते." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

गेल्या शिवजयंतीला माझा अकरा वर्षांचा पोरगा प्रतापराव गुजर, म्हणजे महाराजांचा सरनौबत, सेनापती, झाला होता. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर, हॅलोजनखाली, पहाटे तीनपर्यंत. डिंकानं चिकटवलेली मिशी घामानं सुटायची, ती एका हातानं दाबून धरत दर चौकात तो मरायचा. घरी आल्यावर विचारलं, प्रतापराव का गेले रे? "शूर होते म्हणून," म्हणाला. उमराणीला पाणी तोडून कोंडलेला विजापूरचा सरदार बहलोलखान त्यांनी सोडून दिला, महाराज रागावले, ते बोल जिव्हारी लागले आणि सरनौबत नेसरीला सहा जणांनिशी खानावर तुटून पडले, हे त्याला ठाऊकच नव्हतं. आपण फक्त मरताना बोलायचं वाक्य पाठ करून घेतलं.

ती तारीख 24 फेब्रुवारी 1674. राज्याभिषेक 6 जूनचा. अशा वेळी सरनौबत गेला. उलट 1665 ला पुरंदरच्या तहात 23 किल्ले दिले, 12 राखले, आणि 1670 पासून दिलेले परत घेत सुटले. हा प्रसंग पोरांनी का करू नये?

अनगोळवाला
तुझं वाचन जास्त आहे, मान्य. पण तू सीमाभागात राहून हे लिहायलास? 1956 ला बेळगाव महाराष्ट्राबाहेर राहिलं, तेव्हापासून माझे आजोबा सबुरी धरून बसले. सीमेसाठी महाजन आयोग झाला, 2004 ला सुप्रीम कोर्टात दावा गेला. आजोबा गेले, वडील थकले, तारखा पडायल्यात. सबुरीचं पुरंदर आम्ही घरात बघतोय, ट्रॉलीवर कशाला? वर्षातनं एक रात्र पोरगं तलवार उपसून ओरडतं, तेवढी तरी राहू दे की मर्दा.

माजी सुभेदार, कॅम्प
मराठा लाइट इन्फंट्रीत चोवीस वर्षं काढली, म्हणून बोलतो. छाती लागते, खरं आहे. पण रंगरुटाला आधी शिकवतात तो आडोसा. महाराजांच्या नावाचा जयघोष आम्ही शेवटच्या धावेला करतो, त्याआधी अख्खी रात्र पोटावर सरकलेलो असतो. माझ्या तुकडीतला एक पोरगा कारण नसताना उठून उभा राहिला. भ्यायलो नाही हे दाखवायचं होतं त्याला. त्याची पत्र्याची पेटी त्याच्या आईकडं मी पोचवली. तिनं उघडून आधी स्वेटर बाहेर काढला, नाकाशी धरला. अनगोळवाले, त्या माउलीसमोर हे छातीचं वाक्य म्हणून दाखवा.

खानापूरची
सुभेदारकाका, नमस्कार. आता माझं ऐका. दहा वर्षं मी त्या ट्रॉलीवर जिजाऊ झाले. काम एवढंच, ताट धरायचं आणि ओवाळायचं. लढाईतलं शहाणपण म्हणता, मग बेलवडीची राणी मल्लम्मा कुठं आहे? आपल्याच बैलहोंगल तालुक्यातली. 1678 ला दक्षिणेतनं परतणाऱ्या मराठी फौजेशी गढी धरून लढली. दाखवा ना तिला.

अनगोळवाला
महाराजांच्या मिरवणुकीत महाराजांच्या फौजेशी लढलेली बाई? ते त्यांच्या जयंतीला दाखवतील. आमच्यात नको.

खानापूरची
"त्यांच्या" म्हणजे कुणाच्या? माझं माहेर बैलहोंगलचं, शाळा कन्नड, घरात मराठी. मी कुणाची? सखुजी गायकवाडानं तिच्याशी गैरवर्तन केलं म्हणून महाराजांनी त्यालाच, स्वतःच्या सरदाराला, शिक्षा केली. धारवाडजवळ यादवाडला मारुतीच्या देवळात दगडात कोरलेले महाराज आहेत, मांडीवर लेकरू, हातात दुधाची वाटी. मल्लम्मानंच ते शिल्प करवून घेतलं म्हणतात. हरलेल्या बाईनं असा मान दिला, यापेक्षा मोठा प्रसंग तुमच्या ट्रॉलीवर कधी आला?

येळ्ळूरचा
विषय नेसरीचा चाललाय, बाई. प्रत्येक ठिकाणी भाषा आणू नका.

खानापूरची
भाषा मी आणली? 1956 कुणी काढलं ते वर जाऊन वाचा. आणि "बाई" म्हणू नका.

येळ्ळूरचा
चुकलं, ताई. पण राजहंसगडाच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला इतिहास शिकवू नका.

वडगावकर
शिकवायचंच आहे. उंबरखिंड घ्या. 1661 ला मोगल सरदार कारतलबखान जंगलात कोंडला, त्याच्याच फौजेतली सरदार रायबागन म्हणाली शरण जा, तो गेला. महाराजांनी सगळं ठेवून घेतलं आणि माणसं सोडली. झाडाआड लपलेला मावळा पोरांना करायला दिलात तर तेही रात्रभर गप्प बसायला शिकतील.

अनगोळवाला
गप्प बसलेलं पोरगं बघायला माणसं तीन वाजेपर्यंत रस्त्यावर थांबत नाहीत. सुभेदारसाहेब, ती पेटी वाचून मी हात जोडले. तुमच्यापुढं ते वाक्य परत म्हणणार नाही. पण नेसरी वगळू देणार नाही. तिथं स्मारकापुढं उभं राहिलं की माझ्या अंगावर काटा येतो, चुकले असतील नाहीतर नसतील. ट्रॉली एकच आहे. पुढं नेसरी, मागं पुरंदर. प्रतापरावाच्या तोंडी उमराणीची चार वाक्यं घाला. एवढ्यावर मी थांबतो.

माजी सुभेदार, कॅम्प
चार पुरेत. मी लिहून देतो.

खानापूरची
आणि मल्लम्मा?

अनगोळवाला
ताई, ते रविवारी मंडळात बोलू. फोनवर नको.

खानापूरची
रविवारी येते. यादवाडच्या शिल्पाचा फोटो घेऊन येते.