'मेथी' हा शब्द संस्कृत की द्राविडी?

कडूगोड : सोलापुरातल्या माझ्या कन्नडभाषक शेजारीणबाई मेथीच्या भाजीला 'मेंत्य सोप्पु' म्हणतात. तेलुगूत 'मेंति' म्हणतात, आणि तमिळमध्ये 'वेंदयम्'बरोबर 'मेंदियम्' हेही रूप आहे. या तिन्ही भाषांत अनुस्वार आहे आणि संस्कृत 'मेथी', 'मेथिका' यांत तो नाही. त्यामुळे शब्द मुळात द्राविडी असून संस्कृतने तो उसना घेतला, असे माझे मत आहे.

बोरूबहाद्दर : अनुस्वारावर एवढी इमारत उभी राहत नाही. 'मार्जार'चे मांजर झाले, 'पक्ष'चा पंख झाला. मुळात नसलेला अनुस्वार पुढे उच्चारात शिरतो. तमिळमध्ये महाप्राण ('थ', 'ध' यांसारखे हकारमिश्रित वर्ण) नाहीत, म्हणून उसन्या 'थ'चा तिथे 'त' किंवा 'द' होणे स्वाभाविक आहे. उलट 'त' घेऊन संस्कृतने त्याचा 'थ' कशासाठी केला, हे आपण सांगायला हवे.

कडूगोड : मांजर आणि पंख ही प्राकृताच्या घरची उदाहरणे झाली. तीन द्राविडी भाषांनी एकाच शब्दात, नेमक्या एकाच जागी अनुस्वार घालावा, हा योगायोग मला पटत नाही. 'थ'चे म्हणाल, तर आपणही मेथीच्या कुटाचे 'मेतकूट' केलेच की!

बोरूबहाद्दर : मेतकुटात 'थ' गळला आहे, नव्याने आलेला नाही, म्हणजे हे उदाहरण माझ्या बाजूचे आहे. शिवाय अनुस्वार एखाद्या प्राकृत रूपात आधी शिरून मग दक्षिणेत गेला असेल, तर तीन ठिकाणचा योगायोग मानण्याची गरजच उरत नाही.

परसदार : दोघांच्याही मांडणीत मल्याळम राहून गेली. तिथे मेथ्यांना 'उलुवा' म्हणतात आणि ते अरबी 'हुल्बा'वरून आलेले मानतात. शेजारी भाषांत 'मेंति' असताना किनाऱ्यावरच्या व्यापारातून आलेले नाव रुजले, यावरून नावाचा प्रवास आणि भाषाकुल यांची सांगड घालताना जपून राहावे. मेथीचे लॅटिन नाव 'फीनम ग्रीकम' म्हणजे 'ग्रीक गवत'. रोमन लोक ते जनावरांना चारत. तेवढ्यावरून मेथी ग्रीसची ठरत नाही, कारण इराकमधल्या उत्खननात मेथीचे त्याहून कितीतरी जुने जळके दाणे सापडले आहेत.

कडूगोड : उलुवा मान्य, आणि 'थ'चा आक्षेपही वजनदार आहे. मात्र अनुस्वार प्राकृतातून गेला म्हणणाऱ्यांनी एखाद्या प्राकृत ग्रंथातले 'मेंथी' दाखवावे. तोवर मी द्राविडी बाजू सोडत नाही.