मदत हवी आहे: ४०७ घाटात लोडवर दम सोडते, इंजिन खोलायचं का?

गाडी टाटा ४०७ (छोटा ट्रक), २००१ चं मॉडेल, ४९७ इंजिन, टर्बो नाही, जुना मायकोचा लाइन पंप (नोझलांना दाबाने डिझेल देणारा). वडिलांनी घेतलेली, आता मी चालवतो. लांजा-साखरप्याकडून चिरा (जांभा दगड) भरायचा आणि आंबा घाटाने वर मलकापूर, बांबवडे, कधी थेट कोल्हापूर. येताना मिळेल ते भाडं.

सपाटीला गाडी गुणी आहे. घाट लागला, दुसऱ्या गिअरवर चढायला लागली की अर्ध्या वाटेत पिकअप जातो. झटक्यात बंद पडत नाही. पाय पूर्ण दाबलेला असतो आणि इंजिन आपलं बसत जातं, थोडं मिसिंग करतं आणि गप्प. मग मागच्या चाकांना दगड लावायचे, उतरून फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढून लाइन पंपाला देणारा) हॅन्ड प्रायमर, म्हणजे हाताने डिझेल ओढायचा दट्ट्या, मारायचा. आधी पोकळ लागतो, मारत राहिलं की घट्ट होतो. घट्ट झाला की अर्ध्या सेल्फवर चालू! आणखी दोनेक किलोमीटर काढते, पुन्हा तेच. मागे एसटी हॉर्न मारत उभी असते ते वेगळंच.

धुराचं म्हणाल तर बंद पडताना काळा नाही, निळा तर कधीच नाही. सकाळी पहिल्यांदा मात्र सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, पांढरा धूर येतो, गाडी गरम झाली की तो गायब. ऑइल खात नाही. पाणी कमी होत नाही, रेडिएटरमध्ये बुडबुडे नाहीत. ब्रीदरला (इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी नळी) हात धरून बघितलं, किंचित वाफ येते, फुसफुस नाही.

दोन्ही डिझेल फिल्टर नवे टाकले, खालून पाणी काढलं, एअर फिल्टर बदलला, बाहेरचे रबरी पाइप आणि क्लिपा नव्या, बेंजो बोल्टांना (डिझेलचे पाइप जोडणारे पोकळ बोल्ट) तांब्याचे नवे वायसर. फीड पंपाचे वाल्व आणि स्प्रिंगही नवीन. थोडे दिवस बरी चालली, मग पुन्हा पहिले पाढे.

आता एक मेकॅनिक म्हणतो इंजिन बसलंय, लायनर-पिस्टन टाका, ७५,००० धरून चाला. कॉम्प्रेशन तपासलेलं नाही, नुसता आवाज ऐकून सांगतो. दुसरा म्हणतो पंप उतरवा, कॅलिब्रेशनला पाठवा, नोझल (सिलिंडरात डिझेल फवारणारे) नवे घाला. पाऊस लागला की चिऱ्याच्या खाणी बंद, म्हणजे कमाईचे दिवस हेच. पासिंगही तोंडावर आलंय. कुणाचं ऐकू?

प्रतिसाद

भाऊ, इंजिनाला हात लावू देऊ नका. बसलेलं इंजिन प्रायमर मारून बरं होत नसतं. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर ऑइल खाल्लं असतं, ब्रीदरने वाफा सोडल्या असत्या, आणि घाटात जशी रडते तशीच सपाटीलाही लोडवर रडली असती.

तुमचं इंजिन उपाशी मरतंय. प्रायमर आधी पोकळ लागतो म्हणजे लाइनीत हवा आहे. मारल्यावर घट्ट होतो म्हणजे पंपाच्या बाजूला दाब धरतोय, ओव्हरफ्लो वाल्व (जादा डिझेल टाकीत परत सोडणारा) ठीक असावा. राहिली टाकीपासून फीड पंपापर्यंतची ओढ. या बाजूची गंमत अशी की गळती दिसत नाही. पुढच्या लाइनीत दाब असतो, तिथे फट पडली की डिझेल ठिबकतं. मागच्या बाजूला फीड पंप ओढत असतो, त्यामुळे फटीतून डिझेल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जाते. वरून सगळं कोरडं ठणठणीत. म्हणून मेकॅनिक बघतो आणि म्हणतो लाइन ओके आहे.

दोन गोष्टी सांगा. फीड पंपाखालची वाटी उघडून जाळी बघितली का? आणि गाडी दम सोडते तेव्हा टाकीत डिझेल किती असतं?

प्रतिसाद

वरच्यांशी बराचसा सहमत, पण सकाळचा पांढरा धूर नोझलचाही असू शकतो. नोझल ठिबकत असेल तर थंड इंजिनात डिझेल न जळताच बाहेर पडतं. लगे हाथ नोझल टेस्टरवर लावून घ्या, जास्त खर्च नाही. पंप मात्र उतरवू नका. सील तोडून स्क्रू फिरवणारे जागोजागी बसलेत, मग गाडी काळा धूर मारते आणि ॲव्हरेज जातो तो परत येत नाही.

धागाकर्ता

जाळी साफ आहे. डिझेलचं विचारलंत म्हणून डायरी काढून बघितली, भाडं आणि डिझेल मी रोज लिहितो. साखरप्यात टाकी फुल्ल केली त्या दिवशी गाडी एकदाही थांबलेली नाही. जिथे थांबली तिथे टाकी अर्धी किंवा त्याच्या खाली. सकाळचा सेल्फही तसाच, रात्री भरून उभी केली की लगेच लागते. टाकीचं झाकण सैल करून घाट चढून बघितला, फरक नाही.

प्रतिसाद

मग नोझलही बाजूला ठेवा, डिझेल भरून नोझल सुधारत नाही. आणि झाकण सैल करून फरक नाही म्हणजे टाकीचा व्हेंट (हवेचं भोक) तुंबलेला नाही.

एक कॅन घ्या. टाकीकडून फीड पंपाला येणारा पाइप काढा आणि फीड पंपाला कॅनमधून डिझेल द्या. रिटर्नही (जादा डिझेलची परतीची नळी) कॅनमध्येच सोडा, नाहीतर कॅन लवकर रिकामा होईल. मधला तुकडा गवंड्याच्या लेव्हल पाइपचा लावा, पारदर्शक असतो, बुडबुडे दिसतात. हा पाइप फक्त तपासायला, डिझेलने कडक होऊन तडकतो, कायमचा ठेवू नका. कॅन केबिनमध्ये नको. बाहेर, सायलेन्सरपासून लांब, दोरीने आवळून बांधा आणि नेहमीचा लोड घेऊन घाट चढा. न थांबता चढली तर दोष टाकी आणि त्या पाइपात. तसाच लेव्हल पाइप नंतर टाकीच्या लाइनीला लावा, बुडबुडे कुठून येतात ते कळेल.

माझा संशय टाकीच्या आतल्या सक्शन नळीवर आहे. ती वरून खाली तळापर्यंत जाते. मध्येच चीर असेल तर टाकी भरलेली असताना ती डिझेलात बुडलेली असते, काही कळत नाही. पातळी चिरेखाली गेली की शहाळ्याची नळी मध्येच फाटल्यासारखं होतं, पाणी कमी आणि हवा जास्त. सपाटीला इंजिनाला लागतंच किती, तेवढं भागतं. घाटात मागणी वाढते, शिवाय चढावर टाकीतलं डिझेल मागच्या बाजूला सरकतं, तुमची नळी पुढच्या अंगाला असेल तर अजूनच उघडी पडते. रात्रभर गाडी उभी राहिली की त्याच चिरेतून हवा शिरून लाइनीतलं डिझेल टाकीत उतरतं, म्हणून सकाळी सेल्फ जास्त खाते.

धागाकर्ता

कॅनवर घाट एका दमात चढली. वर जाऊन चहा घेतला आणि टाकीच्या लाइनीला लेव्हल पाइप लावला, रेस दिल्याबरोबर बुडबुड्यांची माळ. परत आल्यावर टाकीवरची प्लेट खोलून नळी ओढून काढली. बरोब्बर मधोमध, जिथे आधाराची पट्टी ब्रेझिंगने (पितळेच्या झाळणीने) जोडलीय त्याच्या कडेला केसाएवढी चीर. डोळ्यांना दिसेना. खालचं तोंड बोटाने दाबून वरून फुंकलं आणि नळी पाण्याच्या बादलीत धरली तेव्हा बुडबुडे आले.

आता विचारायचं एवढंच, ब्रेझिंग मारून हीच नळी चालवू की नवीन घालू? इथला वेल्डर म्हणतो नळी परत टाकीवर बसवून जागेवरच पट्टी मारून देतो.

प्रतिसाद

त्याला टाकीच्या आसपास फिरकू देऊ नका! रिकाम्या टाकीतल्या वाफेने स्फोट होतो, टाकी डिझेलची असली तरी. नळी नवीनच घाला, प्लेटसकट मिळते, वरची गॅस्केटही बदला. जुनी ब्रेझिंग केलीत तरी कंपनाने त्याच पट्टीपाशी पुन्हा तडकेल. नळी काढलीच आहे तर टाकी उतरवून तळाचा गाळ आणि पाणी काढा, तो गेल्याशिवाय नवे फिल्टर टिकायचे नाहीत. आणि सकाळचा पांढरा धूर नळी बदलल्यावरही राहिला तरच नोझलकडे जा.