कापड नक्की कुणाचं? शोनीबरे, हिमरू आणि आपण

गंगाकाठ: यिंका शोनीबरे हा कलाकार १९६२ मध्ये लंडनला जन्मला आणि लागोसमध्ये वाढला. ज्या भडक नक्षीच्या कापडाला सगळं जग 'आफ्रिकन' म्हणतं, ते तो लंडनच्या ब्रिक्स्टन बाजारातून विकत घेतो. मूळ नक्षी जावा बेटावरच्या बाटिकची, म्हणजे मेण लावून रंगवलेल्या कापडाची. डचांनी तिची नक्कल यंत्रावर छापली (हेल्मंडची व्लिस्को कंपनी १८४६ ची) आणि माल पश्चिम आफ्रिकेत खपवला. पुढं तिथल्या लोकांनी तो इतका आपलासा केला की तीच त्यांची ओळख ठरली. २००३ च्या 'स्क्रॅम्बल फॉर आफ्रिका'त चौदा बिनमुंडक्याचे पुतळे टेबलाभोवती बसलेत, टेबलावर आफ्रिकेचा नकाशा, अंगावर हेच कापड. युरोपीय सत्तांनी आफ्रिका वाटून घ्यायला भरवलेल्या बर्लिन परिषदेची ही टिंगल.
माझं म्हणणं, हे काम सगळ्यात जास्त आपल्याला, मराठवाड्याला, कळायला हवं. हिमरू, म्हणजे आपल्याकडचं सुती-रेशमी नक्षीचं कापड, तुघलकाबरोबर दौलताबादला आलं असं सांगतात. पैठणीचा जर सुरतेचा, रेशीम बंगळूरकडचं, अन् आज माग जास्त येवल्यात. तरी आपण 'अस्सल'च्या गप्पा हाणतो.

मराठवाडी_माणूस: सर, घाई झाली. आपल्याकडं इंग्रज मालक नव्हताच, तो मालकाचा मालक होता. १५ ऑगस्टला आपल्याकडं निजामच होता, आपण सुटलो १७ सप्टेंबर १९४८ ला. माझे आजोबा उर्दूतून शिकले, रझाकारांच्या भीतीनं रानात झोपले. तिकडचं सूत्र उचलून हिमरूला डकवलं की हा सगळा मधला थर गायब होतो. आणि रेशमाचं म्हणाल तर जालन्यात कोषांची बाजारपेठ आहे आता. जुनी माहिती नका फिरवू.

गंगाकाठ: रेशमाचं मान्य, चूक माझी. पण निजामाचं तुम्ही सांगितलं त्यानं तर मुद्दा पक्काच झाला. दोन-दोन मालकांखाली वाढलेलं कापड आहे हे.

मराठवाडी_माणूस: कापड वाढतं होय? माणसं वाढतात. काही उपाशीच राहतात.

खड्डामाग: उपाशीवरून बोलतो. आमच्या घरात हिमरूचा माग होता. सुती ताणा, रेशमी बाणा, नक्षीचा धागा वेगळा. पोरं मागावर बसायला तयार नाहीत, मीही नाही बसलो. वेरूळ-अजिंठ्याच्या रस्त्यावर 'हिमरू' म्हणून पॉवरलूमची शाल खपते. तुमचा कलाकार स्वतः विणत नाही, बाजारातून आणतो, पुतळ्याला घालतो, संग्रहालय ते विकत घेतं. विणणाऱ्याचं नाव कुठंय?

लातूरची_सून: भाऊ, पण त्या कापडाला विणकरच नाही ना, ते गिरणीतलं छापील. खोटेपणा दाखवायलाच तो तेच घेतो. हातमागाचं घेतलं असतं तर काम फसलं असतं.

खड्डामाग: ताई, बरोबर. पण मग आमच्या हिमरूशी तुलना कामून करता? नक्कल त्यांची आहे, आमचं तर अस्सलच मरतंय.

गंगाकाठ: यावर माझ्याकडं उत्तर नाही. थोडा विचार करून लिहितो.

नांदेडकर: गॅलरी सोडा. नांदेडच्या खादीतून तिरंगा तयार होतो. डिसेंबर २०२१ मध्ये ध्वजसंहिता बदलली, यंत्रावरचं अन् पॉलिस्टरही चालायला लागलं. पारतंत्र्याशी भांडायला जे सूत काढलं, त्याच्याच झेंड्याला आता सूत लागत नाही. एवढ्यावर कुणी एक शिल्प केलं तर मी तिकीट काढून बघीन.

मराठवाडी_माणूस: हे पटलं. धागा काढायचा तर यावर काढायचा होता.

लातूरची_सून: आणि वाकळ? सासूबाईंच्या वाकळीत जुनी नऊवारी, धोतर, शाळेच्या गणवेशाची खाकी, एका कोपऱ्यात कुणाच्या तरी शेरवानीचं अस्तर. कुणाची शेरवानी, विचारलं तर म्हणाल्या, "झोप आता."