भाऊजींचा ब्रेन ट्यूमर: रिपोर्ट आलाय, पुढे काय करावं? (टाटा / मिरज / नवी गोळी)

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. आजवर इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझे धाकटे दीर, वय ३७, कुपवाड एमआयडीसीत सीएनसी मशीनवर असतात. गेल्या महिन्यात ड्युटीवरच फीट आली. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या भागात, पुढच्या बाजूला गाठ निघाली. ऑपरेशन पुण्यात झालं. आता बोलणं-चालणं व्यवस्थित आहे, फक्त उजव्या हाताची पकड थोडी सैल वाटते. रिपोर्टमधलं जसंच्या तसं लिहिते:

हाय ग्रेड ग्लायोमा. आयडीएच१ आर१३२एच निगेटिव्ह. एटीआरएक्स लॉस. पी५३ स्ट्राँग पॉझिटिव्ह. की-६७ १० ते १२ टक्के. नेक्रोसिस नाही.

डॉक्टर म्हणाले, ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा फार आक्रमक कॅन्सर) धरून चाला, रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या सुरू करा. घरात मात्र प्रत्येकाचं वेगळं. माझी नणंद म्हणते, आयडीएचवर नवीन गोळी निघालीय, रेडिएशनची गरजच नाही. मामंजींनी पेपरात वाचलंय की आयआयटीने कॅन्सरवर पेशींचा उपचार काढलाय, तोच करू. जाऊबाई बिचाऱ्या कुणाला काहीच बोलत नाहीत, दोन लहान मुलं आहेत पदरात.

१) टाटाला जावं की मिरजेतच रेडिएशन घ्यावं?
२) नव्या गोळीत खरंच काही आहे का?
३) केशरी रेशन कार्ड आहे. महात्मा फुले योजनेत बसेल का?

---

सह्याद्री७२

टाटा. दुसरा विचारच करू नका. गर्दीला घाबरू नका, सकाळी लवकर जाऊन फाईल काढा.

---

स्लाइडवाली

ताई, मी पॅथॉलॉजीत काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. गाव नंतर ठरवा, आधी हा रिपोर्ट पुरा करून घ्या. तो अर्धवट आहे.

"आयडीएच१ आर१३२एच निगेटिव्ह" याचा अर्थ "आयडीएचमध्ये बदल नाही" असा होत नाही. आयडीएच हे एक जनुक आहे. ही तपासणी स्लाइडवर रंग देऊन करतात. त्यात वापरतात ती अँटिबॉडी (ठराविक प्रथिनालाच चिकटणारा रेणू) फक्त एकच बदल ओळखते, आर१३२एच. ग्लायोमात (मेंदूच्या आधारपेशींच्या गाठीत) आयडीएचचे साधारण दहापैकी नऊ बदल त्याच जातीचे असतात, म्हणून ती स्वस्तात मस्त पडते. पण उरलेले बदल, म्हणजे आर१३२सी, आर१३२जी किंवा आयडीएच२मधले, तिला दिसतच नाहीत. ते फक्त सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे जनुक अक्षर न् अक्षर वाचल्यावर, सापडतात.

आता तुमचा रिपोर्ट पुन्हा बघा. वय ३७. एटीआरएक्स हे प्रथिन गेलेलं. पी५३ हे दुसरं प्रथिन ठळक. नेक्रोसिस (मेलेल्या पेशींचा भाग) नाही. हे चित्र नेहमीच्या ग्लायोब्लास्टोमाचं नाही. मला तरी हे आयडीएच बदल असलेल्या अ‍ॅस्ट्रोसायटोमासारखं वाटतं. ५५ च्या आतला रुग्ण असेल आणि स्लाइडवर निगेटिव्ह आलं, तर पुढे सिक्वेन्सिंग करायचं असा प्रघात आहे. शिवाय गाठीच्या त्याच तुकड्यावर एच३ जी३४ या आणखी एका जनुकबदलाचीही तपासणी सांगा. तरुण माणसांत मेंदूच्या गोलार्धात होणारा एक वेगळाच ग्लायोमा असतो, त्यातही एटीआरएक्स जातं आणि पी५३ असंच दिसतं.

एवढा आटापिटा कशाला? कारण २०२१च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणापासून मोठ्यांच्या आजाराला "ग्लायोब्लास्टोमा" हे नाव फक्त आयडीएचमध्ये बदल नसेल तरच देतात. बदल असेल तर तो अ‍ॅस्ट्रोसायटोमा, ग्रेड २, ३ किंवा ४. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही भावंडं वाटतात, पण स्वभाव फार वेगळा. ग्लायोब्लास्टोमाचा हिशेब बहुधा महिन्यांत मांडतात, दुसऱ्याचा वर्षांत. ग्रेड ठरवताना सीडीकेएन२ए/बी हे जनुक गेलंय का तेही बघावं लागतं. दोन्ही प्रती गेलेल्या असतील तर नेक्रोसिस नसूनही ग्रेड ४ धरतात.

करायचं काय: हॉस्पिटलमधून पॅराफिन ब्लॉक मागून घ्या, नुसत्या स्लाइड आणू नका. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा, प्लॅस्टिकच्या छोट्या चौकोनी डबीवर नंबर लिहिलेला असतो. तो नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी ताडून बघा. तो रुग्णाचाच आहे, अर्ज केला की मिळतो.

---

निसर्गमित्र

हे सगळं करा, पण सोबत गोमूत्र अर्क आणि साखर पूर्ण बंद. कॅन्सरच्या पेशी साखरेवर जगतात. आमच्या ओळखीत एकाची गाठ विरघळली.

---

डोंबिवलीची_धाकटी

@निसर्गमित्र, कुठली गाठ, कोणता रिपोर्ट, कुणी बघितला?

ताई, माझ्या बाबांना ग्लायोब्लास्टोमा होता, म्हणून लिहिते. टेमोझोलोमाइड चालू असताना भस्म, अर्क, काढे काही देऊ नका. त्या गोळीने प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी उतरतात, लिव्हरवरही लक्ष ठेवावं लागतं. त्यात दुसरं काही दिलं तर नेमकं कशाने बिघडलं तेच कळत नाही आणि केमो थांबवावी लागते. आमच्याकडे आत्याने प्रेमाने आणून दिलेल्या पुड्या आईने कपाटात ठेवून दिल्या, वाद घातला नाही. साखर बंद करून माणूस अशक्त होतो, गाठ नाही.

आणि एक, डेक्सा (सूज उतरवणारं स्टिरॉइड) चालू असेल तर मनाने बंद करू नका, ते हळूहळूच कमी करतात. सकाळी, पोटात काही असताना द्या. शुगर तपासा. बाबांची भूक आणि चिडचिड दोन्ही वाढली होती, आम्हाला वाटलं आजारच वाढला. रात्रभर जागून टीव्हीचा रिमोट बडवत बसायचे.

ग्लायोब्लास्टोमाचा उपचार आजही २००५मध्ये आलेल्या पद्धतीवरच उभा आहे: सहा आठवडे रेडिएशन, ६० ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप) ३० भागांत, सोबत रोज टेमोझोलोमाइड, मग महिन्यातून पाच दिवस गोळ्या, सहा चक्रं. त्या अभ्यासात निव्वळ रेडिएशनवर निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांपर्यंत हयात होते, गोळीसह १४.६. आकडा लहान दिसतो. पण दोन वर्षांनंतर हयात असलेले १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेले. गाठीत एमजीएमटी या जनुकाचं मिथिलेशन असेल (म्हणजे ते बंद पडलेलं असेल) तर ही गोळी जास्त लागू पडते, तीही तपासणी सांगा.

---

अणुशक्तीनगर

मामंजींच्या बातमीबद्दल. बातमी खरी आहे, आजार वेगळा आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलचा तो उपचार म्हणजे नेक्सकार१९. ऑक्टोबर २०२३मध्ये भारतात मान्यता मिळाली, एप्रिल २०२४मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते लोकार्पण झालं. रुग्णाच्याच टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून, बदलून परत देतात, यालाच कार-टी म्हणतात. पण त्या सीडी१९ ही खूण शोधतात. ती बी-पेशींच्या रक्ताच्या कॅन्सरवर असते, ग्लायोमाच्या पेशींवर नसते. भाऊजींच्या गाठीला त्या उपचाराचा उपयोग नाही.

मेंदूसाठी वेगळ्या कार-टी पेशींवर काम सुरू आहे. बोस्टनच्या मास जनरलने २०२४मध्ये परत आलेल्या ग्लायोब्लास्टोमाचे तीन रुग्ण प्रसिद्ध केले. पेशी थेट मेंदूतल्या पाण्यात सोडल्या होत्या. काही दिवसांतच गाठी आकसल्याचं एमआरआयवर दिसलं, आम्ही सगळे खुर्चीतून उठलो होतो. पण तिघांपैकी दोघांत तो फायदा फार टिकला नाही. संशोधन म्हणून जबरदस्त. घरदार विकून मागे धावावं असं मात्र अजून नाही.

इम्युनोथेरपीची (शरीराची प्रतिकारशक्ती जागवणारी) इंजेक्शनं कुणी सुचवली तर तेवढं विचारा की कोणत्या आधारावर. परत आलेल्या ग्लायोब्लास्टोमात निव्होलुमॅब या अशाच इंजेक्शनची तुलना बेव्हासिझुमॅब या दुसऱ्या औषधाशी झाली, आयुष्य वाढलं नाही. फुप्फुसात चालतं ते मेंदूत चालेलच असं नाही.

---

स्लाइडवाली

आता नणंदबाईंची गोळी. तिचं नाव व्होरासिडेनिब. अभ्यासाचं नाव इंडिगो, २०२३मध्ये प्रसिद्ध झाला, ३३१ रुग्ण. गोळी घेणाऱ्यांत आजार पुढे सरकायला सरासरी (मीडियन) २७.७ महिने लागले, नकली गोळीवाल्यांत ११.१. अमेरिकेत ऑगस्ट २०२४मध्ये मान्यता मिळाली. माझ्या मते या आजारात वीस वर्षांतली सगळ्यात कामाची बातमी.

पण अभ्यासात कोण होते ते बघा. ग्रेड २, आयडीएच बदल सिद्ध झालेला, आधी फक्त ऑपरेशन झालेलं, रेडिएशन-केमोची लगेच गरज नसलेले. भाऊजींच्या रिपोर्टात "हाय ग्रेड" लिहिलंय. म्हणजे उद्या सिक्वेन्सिंगमध्ये बदल सापडला, तरी "गोळी आहे, रेडिएशन नको" हे गणित त्यांना लागू होत नाही. नणंदबाईंना हे शांतपणे सांगा, त्यांनी वाचलंय ते खोटं नाही, अर्धं आहे.

---

लेलेकाकू_परळ

अगं कृष्णाकाठची, मी परळला राहते आणि बरीच वर्षं टाटाच्या पेशंट्सना मदत करते. माझं ऐक.

टाटाचं मत घे, उपचार मिरजेत घे. सहा-सात आठवडे सोमवार ते शुक्रवार रोज रेडिएशन असतं, दहा-पंधरा मिनिटांचं काम. त्यासाठी दोन लहान मुलांना सोडून जाऊबाईंनी मुंबईत राहायचं? मिरजेत सोय आहे. ठरलेला प्लॅन चांगल्या सेंटरला सारखाच देतात. मात्र ग्लायोमाच्या केसेस नेहमी करणारे रेडिएशन डॉक्टर आहेत का ते विचारून घे.

महालक्ष्मीने ये, सकाळी दादरला उतरलीस की टॅक्सीने परळ. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री टायर एसीत तिकीट माफ असतं, सोबतच्याला ७५ टक्के सवलत, पण हॉस्पिटलचा ठराविक नमुन्यातला दाखला लागतो, तो मिरजेतूनच करून घे. राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळचं नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे. जागा मिळेलच असं नाही, आधी फोन कर. फाईल काढताना जनरल की प्रायव्हेट विचारतात, बिचकू नकोस, डॉक्टर तेच असतात.

यायचंच नसेल तर नव्या नावाची सेवा आहे, "नव्या" हेच नाव. टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडशी जोडलेली. कागद ऑनलाइन पाठवायचे, तज्ज्ञांचं लेखी मत येतं.

पैशांचं: महात्मा फुले योजनेचं कवच आता ५ लाखांपर्यंत आहे. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतो. आधी त्याच्याकडे जा, मंजुरी घे, मग उपचार. स्वतः पैसे भरून मागून पावत्या घेऊन येतात लोक, आणि काउंटरवर भांडतात. उपयोग होत नाही.

---

कृष्णाकाठची

खूप आभार सगळ्यांचे. ब्लॉक मिळाला, डबीवरचा नंबर ताडून घेतला. सिक्वेन्सिंगला वेळ लागेल म्हणतात, तोवर रेडिएशन थांबवायचं का?

---

स्लाइडवाली

हातावर हात ठेवून बसू नका. ऑपरेशननंतर साधारण तीन ते सहा आठवड्यांत रेडिएशन सुरू करायचं असतं, जखम भरायलाही तेवढा वेळ जातोच. तोवर रेडिएशनच्या वेळी डोकं स्थिर ठेवणारा मास्क, किरणांच्या आखणीसाठीचा प्लॅनिंग सीटी, योजनेची मंजुरी हे उरकून घ्या. दोन्ही शक्यतांत रेडिएशन लागणारच आहे असं दिसतं.

---

कृष्णाकाठची

अपडेट. आयडीएच१ आर१३२सी सापडलं! सीडीकेएन२ए/बी शाबूत. एच३ निगेटिव्ह. टाटाने लेखी दिलंय: अ‍ॅस्ट्रोसायटोमा, आयडीएच बदललेला, ग्रेड ३. रेडिएशन ५९.४ ग्रे ३३ भागांत, नंतर टेमोझोलोमाइडची १२ चक्रं. मिरजेत घ्यायला हरकत नाही म्हणाले. १२ ऐकून जाऊबाई घाबरल्यात, तुमच्याकडे सहा लिहिलं होतं ना?

---

अणुशक्तीनगर

सहा ग्लायोब्लास्टोमाची. ग्रेड ३साठी कॅटनॉन नावाचा मोठा अभ्यास झाला, ७५१ रुग्णांचा. रेडिएशन नंतर १२ चक्रं दिलेल्यांचं आयुष्य वाढलं, आणि तो फायदा आयडीएच बदललेल्यांतच ठळक होता. रेडिएशन सोबत रोज गोळी देण्याने मात्र स्पष्ट भर पडली नाही. चक्रं जास्त आहेत कारण ती लागू पडण्याची शक्यता जास्त आहे, असं सांगा त्यांना.

---

डोंबिवलीची_धाकटी

किती बरं वाटलं वाचून! आता किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी.

मास्कची जाळी गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवतात आणि टेबलाला क्लिपने अडकवतात. बाबांना पहिल्या दिवशी घुसमटल्यासारखं झालं. दाढी-केस जसे मास्कच्या वेळी असतील तसेच शेवटपर्यंत ठेवा, नाहीतर तो सैल किंवा घट्ट होतो. केस सगळे जात नाहीत, किरण जातात तिथलेच पट्ट्यापट्ट्याने जातात. टेमोझोलोमाइड रिकाम्या पोटी, रात्री, आधी उलटीची गोळी.

रेडिएशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत एमआरआयवर गाठ वाढल्यासारखी दिसू शकते. ती दर वेळी खरी वाढ नसते, कधी कधी उपचाराचीच सूज असते. रिपोर्ट हातात पडला म्हणून रात्री गुगल करत बसू नका, डॉक्टरांनी फिल्म बघेपर्यंत थांबा.

---

लेलेकाकू_परळ

आणि एक, संकोच न करता जाऊबाईंना विचार. अजून मूल हवं असेल तर टेमोझोलोमाइड सुरू होण्यापूर्वी वीर्य साठवून ठेवता येतं. डॉक्टर घाईत विसरतात, आपण विचारायचं. गाडी चालवणं आणि मशीनवरचं काम फिटच्या डॉक्टरांनी लेखी परवानगी देईपर्यंत बंद, कंपनीकडे टेबलावरचं काम मागा.

---

स्लाइडवाली

तपासणी झाली की ब्लॉक परत मागून घ्या, लॅबमध्ये पडून राहतो. घरी ठेवताना गॅसपासून, उन्हापासून लांब, मेण आहे ते. पुढेमागे एखाद्या चाचणीत नाव घालायचं झालं तर पहिल्यांदा तोच मागतील.