लहान बेटावरच्या जुन्या काळातल्या रहस्य कादंबऱ्या सांगा

कास्तकाराचा_पोरगा:
मंडळी, मी यवतमाळ जिल्ह्यातला, समुद्र अजून पाह्यला नाही. पण मागच्या श्रावणात रपट्यावरून पाणी चाललं, दोन दिवस गावाचा रस्ता बंद, लाइन गेलेली, तेव्हा टॉर्चच्या उजेडात अगाथा ख्रिस्तीची 1939 ची ती कादंबरी वाचली, बेटावर दहा जणं अडकतात अन् वादळामुळे होडीच येत नाही ती. पानं दमट होऊन चिकटत होती, बोटानं सोडवत सोडवत वाचली, झोप काही आली नाही. अशा अजून सांगा, जुना काळ असला त लय बरं.

तालुक्याची_वाचक:
दादा, मग तिचीच 1941 ची 'एव्हिल अंडर द सन' घ्या. दोन्हीतलं बेट तिला इंग्लंडमधल्या डेव्हनच्या बर्ग बेटावरून सुचलं. ओहोटीला तिथं वाळूवरून पायी जाता येतं, भरती आली की वाट बुडते. म्हणजे तुमचा रपटाच, फक्त रोजचा.

जुनी_पुस्तकं:
जपानी लेखक योकोमिझोचं 'गोकुमोन बेट' वाचा भाऊ, इंग्रजीत मिळते. महायुद्ध नुकतंच संपलं, सोबतचा सैनिक मरता मरता सांगते का मी घरी पोचलो नाही त माह्या तिन्ही बहिणींचा जीव जाईल, अन् गुप्तहेर किंदाइची तो निरोप घेऊन बेटावर जाते. मले खुनापेक्षा त्यातलं गाव आवडलं, एकाच घराण्याच्या थोरल्या-धाकट्या पातीचं वैर, अगदी आपल्याकडच्या पाटलांच्या वाड्यासारखं.

रात्रीचा_वाचक:
खरी घटना पाह्यजे असंल त स्कॉटलंडची फ्लॅनन बेटं. डिसेंबर 1900, दीपगृहावरचे तिघंही गायब. पाटीवरची शेवटची नोंद 15 तारखेची, बोट पोचली 26 ला. दिवा पुसून तयार, एकाचा पावसाळी कोट तिथंच टांगलेला. म्हणजे तो तसाच धावत बाहेर गेला, मले त तो कोटच डोळ्यापुढून हटत नाही. तसंच टाकलेलं जेवण अन् पडलेली खुर्ची मात्र 1912 च्या एका कवितेतून आली, ते खरं धरू नका. यावरूनच सुचलेली एमा स्टोनेक्सची 'द लॅम्पलायटर्स' 2021 ला आली, तिनं काळ 1972 चा घेतला.

कास्तकाराचा_पोरगा:
कोटाचं वाचून अंगावर काटा आला. आधी लॅम्पलायटर्सच मागवतो. अन् एक सांगा, 1679 ला महाराजांनी खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला, मुंबईचे इंग्रज जहाजं घेऊन आडवे आले, सिद्दी बाजूच्या उंदेरीवर येऊन बसला. रात्री होड्यांतून रसद चढवणारे ते लोकं, त्यांच्यातच एखादा फितूर असला तर? अशी मराठी कादंबरी कोणी वाचली आहे का?