सिगरेट आणि थायरॉइडच्या अँटीबॉडीज

‘सिगरेट ओढणाऱ्यांत टीपीओ अँटीबॉडीज (शरीराने आपल्याच थायरॉइड ग्रंथीविरुद्ध बनवलेली प्रथिनं) कमी सापडतात, म्हणजे सिगरेट थायरॉइडला मानवते’ हा मुद्दा अर्धाच खरा आहे. अँटीबॉडीज कमी आढळतात, हे बरोबर. हाशिमोटो या आजाराचं (यात शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉइडवर हल्ला करते आणि ग्रंथी मंदावत जाते) प्रमाणही थोडं कमी दिसतं. पण ग्रेव्ह्ज या आजारात (यात थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करते) गणित उलटं: तिथे टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारं संप्रेरक) जिथे चिकटतं त्या रिसेप्टरवरच्या अँटीबॉडीज ग्रंथीला सतत डिवचत राहतात, आणि धूम्रपानाने या आजाराचा धोका वाढतो. ग्रेव्ह्जमध्ये खरी भीती डोळ्यांची. खोबणीतली चरबी आणि स्नायू सुजून डोळे बाहेर येतात, एकाचे दोन दिसू लागतात. ओढणाऱ्यांत हे जास्त तीव्र होतं, वर स्टेरॉइडचा गुणही कमी येतो. रेडिओआयोडीनचं (किरणोत्सारी आयोडीन देऊन थायरॉइडचं काम कमी करण्याचा उपचार) ठरत असेल तर डॉक्टरांपासून सिगरेट लपवू नका (घरच्यांचं तुम्ही बघा). त्या उपचारानंतर डोळे बिघडण्याची शक्यता ओढणाऱ्यांत अधिक असते.