सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर चित्रं लावावीत का?

रंगारी_महालचा
नागपूरकरांनो, सल्ला पाहिजे. आम्ही सहा-सात चित्रकार मित्र शहरातल्या एका सरकारी दवाखान्यात महिनाभर चित्रं मांडायचं म्हणतोय. ओपीडीसमोरचा लांब व्हरांडा मनात आहे.

कारण सांगतो. गेल्या उन्हाळ्यात बाबांना घेऊन अकरा दिवस एका दवाखान्यात काढले. तिथे बघण्यासारखं एकच होतं, जिन्याच्या कोपऱ्यातल्या साईबाबा, बालाजी आणि मक्का-मदिनेच्या टाइल्स. त्याही कशाला, तर खर्रा खाऊन कोणी तिथे पचकन थुंकू नये म्हणून! बाबा पडल्या पडल्या भिंतीवरचा ओलीचा पोपडा बघत राहायचे. आठव्या दिवशी म्हणाले, "हा छत्तीसगडच्या नकाशासारखा दिसते बघ." माणसाला नजर टेकवायला काहीतरी लागतंच. तुम्हाला काय वाटतं?

नंदनवनकर
विचारलंच आहे तर सांगतो, मला नाही पटलं. माझ्या मामीला रात्री दोनला भरती केलं, तेव्हा स्ट्रेचर ओढायला माणूस नव्हता. मी आणि मामाने ओढलं. मग चिठ्ठी हातात, "इंजेक्शन बाहेरून आणा." चित्रकार सय्यद हैदर रझा आपल्या नागपूरच्या कलाशाळेत शिकले याचा मलाही अभिमान आहे, पण त्या रात्री खुद्द रझांचं चित्र समोर असतं तरी मी त्याला पाठ टेकून झोपलो असतो.

आणि पुढचं चित्र मला आत्ताच दिसतंय. उद्घाटन, फीत, शाल-श्रीफळ, फोटो. पाहुणे येणार म्हणून गार्ड सकाळीच नातेवाइकांच्या चटया उचलायला लावणार.

रंगारी_महालचा
चटयांचा मुद्दा लागला. पण औषध नाही म्हणून भिंतही उघडीच ठेवा, हे कसं? आम्ही दवाखान्याचा एक रुपया घेणार नाही. रॉजर उल्रिच यांचा 1984 चा अभ्यास आहे. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा साधारण पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना जालीम वेदनाशामकं कमी लागली. ब्रिटनमध्ये तर 1959 पासून एक संस्था दवाखान्यांना चित्रं पुरवते.

जुनी_शुक्रवारी
अर्धंच सांगितलंत भाऊ. तो अभ्यास खिडकीचा आहे, चित्राचा नाही. रुग्ण किती? 46. दवाखानाही पेनसिल्व्हेनियातला. त्यावरून निष्कर्ष काढायचाच तर आवारात कडुनिंब लावा, चित्रं कशाला?

ब्रिटनचा दाखला देताय तर हेही ऐका. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू दवाखान्यात विल्यम होगार्थ यांनी 1730 च्या दशकात फुकटात मोठी चित्रं काढून दिली. कुठे? वॉर्डात नाही, मोठ्या सभागृहाकडे जाणाऱ्या जिन्यात. त्या सभागृहात बसायचे कारभारी आणि देणगीदार. कलाकाराला दवाखाना आवडतो तो असा.

वऱ्हाडी_ठेचा
मी म्हणतो कायले पाहिजे बाप्पा चित्रं? दोन पंखे लावा. बसाले बाकडे द्या. पाहू मंग.

रात्रपाळी
सोळा वर्षं सिस्टर आहे, म्हणून लिहिते. कडुनिंब लावा म्हणणाऱ्या भाऊंनी मे महिन्यात वॉर्डात येऊन बघावं. खिडकीत कुलर बसवलेला असतो. बाहेरचं झाड दिसत नाही, कुलरची टाकी दिसते.

पण रंगारीदादा, तुमची जागाही चुकली. ओपीडीत माणूस नंबरकडे कान लावून बसलेला असतो, मान वर करतो ती नाव पुकारलं की. बघायला वेळ असतो तो आडव्या पडलेल्याला. ऑपरेशनला नेताना पेशंटला दिसतं फक्त छत: ट्यूबलाइट, जळमट, ट्यूबलाइट. एकदा एका आजींनी वाटेत माझा हात धरून विचारलं, "पोरी, अजून किती लाइट?" त्या मोजत होत्या. लावायचंच तर तिथे लावा.

कॅनव्हास मात्र नको. धूळ धरतो, फिनाइलने पुसता येत नाही. काचेची फ्रेम तर नकोच. धुता येईल असं काहीतरी करा. आणि ती लाल-काळी फराट्यांची चित्रं घरी ठेवा. तापात माणसाला साध्या पडद्यातही माणसं दिसतात.

अजून एक, स्वार्थाचं. बालाघाट, छिंदवाडा, गडचिरोलीहून लोक येतात. कितींना पाटी वाचता येत नाही. एका पाळीत "एक्स-रे कुठे?" हे तीस-चाळीसदा ऐकते. वळणावळणावर मोठा मोर, मोहाचं झाड, बैल असं काढलं तर मी सांगेन, "मोरापासून उजवीकडे." आमच्या जेवायच्या खोलीतही एखादं चित्र चालेल, तिथे सध्या ड्युटीचा तक्ता आणि गळका नळ आहे.

जुनी_शुक्रवारी
सिस्टर, कुलरचं मान्य. पण मोर काढून वाट दाखवणं हे प्रदर्शन नव्हे, रंगकाम झालं. चित्रकार मंडळी त्याला तयार होतील? खाली नाव कुठे येणार?

रंगारी_महालचा
खरं सांगू, नावाचं वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. आमच्यातल्या दोघांनी लगेच कळवलं, "बैल काढायचे तर पोळ्याला काढू." बाकीचे तयार आहेत. माझ्या डोक्यात गोंड चित्रांतली ठिपक्या-रेघांची जनावरं घोळतायत. मंडला-बालाघाटकडच्या माणसाला ती ओळखीची वाटतील. पण ती त्याच कलाकारांना बोलावून, पैसे देऊन काढून घ्यावी लागतील, आपण नक्कल करायची नाही. म्हणजे फुकटातलं काम आता वर्गणीवर आलं.

छताचं कसं करायचं ते कळत नाही. इमारत बांधकाम खात्याची, साधा खिळा ठोकायचा तरी अर्ज.

नंदनवनकर
वर्गणीत माझे पाचशे धरा. मत बदललेलं नाही. फीत कापलीत आणि एक जरी चटई उचलायला लावली, तर पाचशे परत घेईन आणि इथेच फोटो टाकेन.

वऱ्हाडी_ठेचा
पंख्याचं कोनीच बोलून नाही राहिलं.